जीनच्या गेटावरची कव्वाली

कव्वालीत मी शिरले ती टाळी वाजवायला. गाणं मागाहून आलं. हे सांगितलं की लोकांना वाटतं म्हातारी थट्टा करून राहिली. म्हणतात, "देवकाबाई, टाळी का शिकावी लागते?" मग मी त्यांनाच वाजवायला बसवते. थोड्या वेळात तळहात लाल होतात, ताल सुटतो आणि माणूस चूप बसतो.

या अंकाच्या संपादकांनी सांगितलं, "तुमच्या कारकिर्दीचा आढावा लिहा." आढावा मला जमत नाही, बाप्पा. मी चवथी शिकलेली बाई. कुठे कुठे गायले, कुणी हार घातले, कुणी शाल दिली हे सांगत बसले तर वाचणाऱ्याला जांभया येतील. मला एका ओळीची गोष्ट सांगायची आहे. ती ओळ मला जीनच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, गेटावर सापडली. ती कव्वाली आहे असं एका माणसानं म्हणावं म्हणून मी वर्षानुवर्षं जीव टाकला. तेवढंच सांगते.

ज्यांनी कव्वाली नुसती सिनेमात पाहिली त्यांना आधी थोडं सांगावं लागेल. पुढे मुख्य गाणारा, त्याच्या शेजारी पेटी, बाजूला ढोलक आणि मागच्या ओळीत टाळीवाले. टाळीवाल्यांना लोक फुकटे समजतात. अरे, टाळी ढिली पडली की उस्तादाचाही उस्ताद पडतो! कव्वालीत एक ओळ घट्ट धरायची, ती फिरवून फिरवून म्हणायची, आणि मधे मधे दुसरे शेर आणून त्या ओळीला बांधायचे. त्याला आम्ही गिरह म्हणतो, म्हणजे गाठ.

आणि एक नियम आहे. ऐकता ऐकता कुणाला हाल येतो. म्हणजे माणूस आपला राहत नाही. डोलतो, रडतो, उठून उभा राहतो. ज्या ओळीवर हाल आला ती ओळ मग सोडायची नाही. तो भानावर येऊन खाली बसेपर्यंत तीच म्हणत राहायची. गळा बसो की बोटं सुजोत. ओळ मधेच तोडली तर तो माणूस अर्ध्या वाटेत राहून जातो, असं आमचे उस्ताद म्हणत.

उस्ताद म्हणजे सुभान उस्ताद. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पल्याड राहायचे. धंदा पिंजाऱ्याचा. दिवसभर गाद्या-रजयांचा कापूस पिंजायचे आणि बोलावणं आलं की शेरवानी झटकून कव्वाल व्हायचे. कितीही झटकली तरी खांद्यावर एखादा कापसाचा तुरा राहूनच जायचा.

माझं माहेर अमरावतीचं. लग्न होऊन अकोल्याला आले. माझा नवरा नामदेव (नाव घेते, आता या वयात मला कोण काय बोलणार?) जीनमध्ये हमाल होता आणि उस्तादांच्या पार्टीत ढोलक वाजवायचा. मी पण त्याच जीनमध्ये कामाला. आम्ही धम्माची दीक्षा घेतली त्याच्या पुढच्याच वर्षीची गोष्ट. पार्टीतला एक टाळीवाला तापानं पडला. नामदेव घरी येऊन म्हणाला, "चाल वं, आज तू बस मागं."

"मी? येडे झाले का तुमी? बायामानसाचं काम आहे का हे?"

"हातच तं मारा लागते. जीनमंदी नाई मारत का दिवसभर?"

गेले. उस्तादांच्या घरीच बैठक होती, डोक्यावरून पदर घेऊन भिंतीला टेकून बसले. दोन कव्वाल्या झाल्यावर उस्तादांनी पेटी थांबवली आणि मागे वळून पाहिलं. मला वाटलं, झालं, हाकलतात आता.

"नामदेव, हे कोन बसलं आहे मागं?"

"घरवाली आहे माही, उस्ताद."

"हात दाखव बेटा."

दाखवले. कापूस ओढून ओढून आणि सरकीच्या टोपल्या उचलून माझे तळहात पाटीसारखे झाले होते. उस्ताद हसले. म्हणाले, "या हाताईले इतके दिवस कुठं लपवून ठेवलं होतं?"

त्या दिवशी उस्तादांच्या बायकोनं, आम्ही सगळे त्यांना चाची म्हणायचो, मला घरातल्याच कपात चहा दिला. आजच्या वाचणाऱ्याला त्यात काही वाटणार नाही. मला वाटलं होतं. चहा पिऊन झाल्यावर मी कप विसळायला उठले, तर चाचीनं तो माझ्या हातातून ओढून घेतला. "पाव्हनी आहेस का मोलकरीन?" असं वरून खेकसली.

गळा उस्तादांना कसा सापडला, तर रजई भरताना. मी आणि चाची कापूस पसरत होतो, उस्ताद पिंजत होते. पिंजणाच्या धनुष्याला ताणलेल्या तातीवर लाकडी दस्ता पडला की एक सूर निघतो. त्या सुरात मी आपली गुणगुणत होते. उस्तादांनी दस्ता थांबवला तरी मी त्याच सुरावर होते. मग ते मुद्दाम तात कमी-जास्त ताणून वाजवत गेले आणि मी मागे मागे जात गेले. चाची म्हणाली, "रजई भरायची आहे, का पोट्टीले नाचवायचं आहे?" तिथून माझं शिकणं सुरू झालं. माझा तानपुरा म्हणजे ते पिंजण. उर्दू शेर मी तोंडानं ऐकून तोंडातच ठेवले. अर्थ विचारला की उस्ताद म्हणायचे, "आधी म्हन. अर्थ आपल्या पायानं येते."

उस्तादांचा मुलगा याकूब पेटीवर असायचा. गळा चांगला, जीभ त्याहून तिखट. माझ्यापेक्षा लहान, म्हणून मला देवकाआपा म्हणायचा, पण असं म्हणायचा की त्यापेक्षा शिवी बरी. त्याचं म्हणणं सरळ होतं. बापाच्या मागे ही जागा माझी, ही जीनमधली बाई इथे कुठून आली?

खोटं कशाला बोलू, आमच्या लोकांनाही ते पटत नव्हतं. जयंतीच्या मांडवात मी पहिल्यांदा कव्वालीच्या चालीवर गायले, तर एक म्हातारे उभे राहिले. "हे दर्ग्यातलं गानं आपल्या मांडवात काहून?" आणि दर्ग्यात गेलं की तिथले विचारायचे, "ये बाई काहे को?" दोन्हीकडे मी पाहुणी. एकीकडे दर्गा निघायचा, दुसरीकडे साडी. नामदेव म्हणायचा, "तू गाय. ढोलक वाजते तवर मले कोनाचं ऐकू येत नाई." चांगला माणूस होता माझा.

गिऱ्हाइकं तर काय एकेक मिळायची! मोर्शीकडच्या एका बागायतदारानं संत्र्याच्या पहिल्या बहारासाठी आम्हाला बोलावलं. मोठा मंडप, गालिचा, सगळं. आणि म्हणाला, "कव्वाली देवाची नको, बागेची पाहिजे. आमच्या सगळ्या भावाईचं नाव त्याच्यात आलं पाहिजे." याकूब पेटी बंद करून उठायलाच निघाला. उस्तादांनी त्याला खाली दाबलं आणि तिथल्या तिथे शेर जुळवला, एकेक भाऊ त्यात बसवला. धाकट्याचं नाव कशातच बसेना, तर त्याला 'बागेचं कुंपण' करून टाकलं! तो बिचारा इतका खुश झाला की टोपलीभर संत्री आमच्या ढोलकीवरच ओतली. एस.टी.त सगळी पार्टी संत्री खात आली. उस्तादांना मात्र एकही फोड गिळता आली नाही, इतका खोकला. तेव्हा आम्ही म्हणालो, आंबट लागलं असेल.

आता ती ओळ.

जीनचा भोंगा झाला की गेटावरचा राखणदार दार लावून घ्यायचा. लावलं की लावलं. उशीर व्हायचा तो लेकुरवाळ्या बायांना. पोर अंगाशी असतानाच भोंगा व्हायचा, आणि ते तोडून, पदर सावरत बाया पळत सुटायच्या. पळता पळता एकच ओरडायच्या, "अवो, दार नका लावू, मी येऊन राहिली!" रोज सकाळी तेच. कुणी आत घुसायची, कुणी गेटाबाहेर बसून रडायची. मी दोन्ही केलं आहे. माझा थोरला अंगावर पीत होता तेव्हाचं. त्याला रडत टाकून यायचं, आणि गेट तोंडावर लागायचं. घरी परत जायलाही लाज वाटायची.

एक दिवस पिंजणाच्या सुरावर माझ्या तोंडून तेच निघालं.

राखनदारा, दार नको लावू, मी येऊन राहिली.

मग त्याला गाठी पडत गेल्या. 'भोंगा झाला, पाय भाजले, पोर पदरी रडते रे. राखनदारा, दार नको लावू, मी येऊन राहिली.' 'जलमभर मी येतच राहिली, उंबरा नाई दिसला रे. राखनदारा, दार नको लावू.' शिकल्यासवरल्यांसारखं नव्हतं ते. पण माझं होतं. त्याआधी मी जे जे गायले ते दुसऱ्याच्या घरचं, मागून आणलेलं होतं.

मोठ्या हौसेनं उस्तादांना ऐकवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, मग पिंजणाला हात लावून म्हणाले, "बेटा, चाल चांगली आहे. पन हे कव्वाली नोहे. कव्वालीची एक अदब असते. गेटावरचं वरडनं तिच्यात नाई बसत."

याकूब हसला. "उद्या भाजीवालीचं पन बसवा, आपा."

 घरी जाऊन चुलीपुढे खूप रडले. नामदेव म्हणाला, "त्याईले नाई पटलं तं नाई. लोकाईले पटन." मी म्हणाले, "लोकाईले चुलीत घाला. मले त्याईच्याच तोंडून ऐकाचं आहे." राग होता तो, आणि मायाही होती. ज्यानं गळा दिला त्यानंच नाही म्हटलं तर मग काय उरतं?

पुढे पातूरकडच्या एका दर्ग्याचा उरूस आला. दुपारची मैफल होती, लिंबाच्या सावलीत. उस्तादांनी सुरुवात केली आणि खोकला उसळला. कापसाची धूळ, आयुष्यभराची, छातीत बसली होती. तोंडाला रुमाल लावून त्यांनी याकूबला खूण केली. याकूब गायला, छान गायला, पण त्याचाही गळा त्या दिवशी बसका होता. लोक उठायला लागले. उस्तादांनी मागे पाहून मला बोट दाखवलं.

टाळीच्या ओळीतून पुढे सरकले. उर्दूचं एक सांभाळून म्हटलं. दुसरं सुरू करायचं तर डोकं रिकामं झालं, आणि तोंडात आपोआप राखणदार आला. याकूबचे हात पेटीवर थबकले. नामदेवनं मात्र ढोलक सोडली नाही.

बायांच्या बाजूला एक म्हातारी चुडीवाली बसली होती, बांगड्यांची पाटी मांडीशी घेऊन. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला ती उठली. पाटी कलंडली, काचेच्या बांगड्या फुटल्या, तिला पत्ताच नाही. दोन्ही हात पुढे करून ती डोलायला लागली, जसं काही समोर खरंच दार आहे. तिला कुणाचं दार आठवलं, मी कधी विचारलं नाही. आजही वाटतं, विचारायला हवं होतं.

आणि मला घाम फुटला. हाल आला होता, माझ्या ओळीवर, जी कव्वालीच नाही म्हणतात त्या ओळीवर! आता थांबायचं कसं? मी उस्तादांकडे पाहिलं.  त्यांनी रुमाल खिशात कोंबला, सरकत सरकत मागे गेले आणि टाळीवाल्यांच्या ओळीत बसून टाळी धरली. उस्ताद टाळीला आणि मी पुढे! डोळे भरून आले, पण ओळ सोडता येत नव्हती. म्हणत राहिले. म्हातारी थकून खाली बसली, कुणी तिला पाणी दिलं, तेव्हा उस्तादांनी हात वर केला आणि मी थांबले.

परतताना एस.टी.त मी वाट पाहत होते, आता म्हणतील, आता म्हणतील. उस्ताद खिडकीशी खोकत बसले होते. अकोला जवळ आलं तेव्हा म्हणाले, "'येऊन'वर दम नको तोडत जाऊ. पुरी ओळ एका दमात घे."

बस्स. कव्वाली म्हणाले नाहीत. मी हिरमुसले. नामदेव म्हणाला, "अवं, नाई पटलं असतं तं दुरुस्त केलं असतं का?" त्याचं खरं होतं, पण मला तो शब्दच पाहिजे होता.

त्यानंतर उस्तादांचा आवाज गेला तो गेलाच. आधी वरचे सूर गेले, मग बोलणं. पिंजण भिंतीला टांगलं गेलं. पार्टी याकूबनं आणि मी चालवली. तो उर्दू म्हणायचा, मी माझं. अमरावती, अकोला, खेड्यापाड्यांतून लोक राखणदाराची फर्माईश करायचे. याकूब त्याला पेटीची साथ द्यायचा, चोख द्यायचा, पण तोंड मिटून. सगळी पार्टी ओळ उचलायची, हा एकटा नाही. एकदा मी विचारलं तर म्हणाला, "अब्बानं ज्याले कव्वाली नाई म्हटलं, ते माह्या तोंडून नाई निंघनार."  मलाही तेच सलत होतं.

मी माहेरी अमरावतीला गेले होते. एका मोटारवाल्याबरोबर याकूबचा निरोप आला, अब्बाची तब्येत बरी नाही, या. मिळाली ती एस.टी. धरली. सारी वाट मनात तेच, जे पळत्या बायांच्या तोंडी असायचं. मोर्णेचा पूल उतरून गल्लीत शिरले तर उन्हाच्या वेळी माणसं दाराबाहेर उभी होती. वाटलं, उशीर झाला. पण उस्ताद होते अजून.

खोलीत पुरुषमाणसं दाटली होती. उशाशी कुराण पाठ असलेले हाफिजजी कलमा म्हणत होते, अगदी हळू. मी उंबऱ्याबाहेर बसले. नामदेव आधीच तिथे होता. उस्तादांनी मान वळवली. ओठ हलले, आवाज नव्हता. याकूबनं कान लावला, पुन्हा लावला. मग माझ्याकडे वळला तेव्हा त्याचा चेहरा कसनुसा झाला होता.

"आपा, अब्बा म्हनून राहिले," तो म्हणाला, "गेटावाली कव्वाली म्हन."

तो शब्द आला, तो असा आला. इतकी वर्षं वाट पाहिली आणि आला तेव्हा तो घ्यायलाही मला हात मोकळे नव्हते. एक शेजारी म्हणाला, "ये कोई वक्त है गाने का?" हाफिजजींनी कलमा न थांबवता नुसता हात हलवला, म्हणू द्या म्हणून.

मी पेटी-ढोलकीशिवाय, हळू सुरू केलं. राखनदारा, दार नको लावू, मी येऊन राहिली. पुरी ओळ एका दमात. उस्तादांनी डोळे मिटले. चादरीवर त्यांची बोटं ताल धरून हलत होती, टाळीसारखी. आत कलमा, उंबऱ्यावर ओळ. एकाचा एकाला अडथळा झाला नाही.

बोटं थांबली. हाफिजजींनी चादर वर ओढली. आतून चाचीचा हंबरडा आला. पण मला थांबता येईना. नियमच तो. माणूस परत येऊन खाली बसला नव्हता, आणि थांब म्हणून हात वर करणारे तेच होते. मी म्हणत राहिले. मग 'येऊन'वर माझा आवाज फाटला आणि ओळ तुटायला आली.

ती याकूबनं उचलली. ज्यानं एकदाही तोंड उघडलं नव्हतं, तो बापाच्या पायाशी उभा राहून रडत म्हणत होता, "दार नको लावू, मी येऊन राहिली." कधी न म्हटलेले ते शब्द त्याच्या तोंडात अवघडत होते. माझा दम परत आला तशी मी त्याला मिळाले. किती वेळ म्हणत होतो देव जाणे.

मग आंघोळ घालायला पाण्याच्या बादल्या आल्या. मय्यतीला न्हाऊ घालताना खोली बंद करतात, घरच्या बायाही बाहेर येतात. याकूब दाराशी आला. दोन्ही फळ्यांना हात लावून उभा राहिला, पण लावेना. माझ्या तोंडात अजून तीच ओळ होती.

"आपा," तो म्हणाला, "आता दार लावा लागते."

मी मान हलवली आणि बाजूला झाले. त्यानं दार इतकं हळू लावलं की कडीसुद्धा वाजली नाही. आतून पाण्याचा आवाज आला. मी पायरीवर बसले. गाणं थांबलं होतं, पण हात थांबत नव्हते. मांडीवर टाळी पडतच होती, पडतच होती. नामदेवनं धरून पाहिले, त्याच्या हातातूनही ते सुटले.

चाची बाहेर येऊन माझ्याशेजारी बसली. तिनं माझे दोन्ही हात आपल्या ओच्यात घेतले आणि घट्ट दाबून धरले.

"बस कर माय," ती म्हणाली. "ऐकलं त्याईनं."